मुंबईहून रेवदंडा आणि राजपुरी: शिडाच्या होडीने दोन-तीन रात्रींच्या सफरीची आखणी

प्रश्न थोडक्यात असा आहे: चौघं जण, २६ फुटी शिडाची होडी, खाली १.४ मीटरची किल (तळाखाली उतरणारं पातं), मागे १० हॉर्सपॉवरचं आऊटबोर्ड इंजिन आणि जानेवारीत जोडून आलेले तीन दिवस. गेटवेसमोरून निघून पहिली रात्र मांडव्याला, दुसरी मुरूडला आणि तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मुंबईत परत. हे जमेल का, कुठल्या भरतीवर निघायचं आणि नांगराला दोर किती घ्यायचा?

या स्वरूपात ही सफर करू नका. जाताना सगळं छान होईल. मोडेल ते तिसऱ्या दिवशी. मुरूडजवळच्या राजपुरीच्या खाडीपासून गेटवेपर्यंत जवळपास ४० सागरी मैल आहेत आणि ते सगळे वाऱ्याच्या तोंडावर आहेत. आपल्या किनाऱ्यावरची सफर नेहमी शेवटून आखायला घ्यावी. परतीचा दिवस आधी कागदावर मांडावा आणि त्यात जेवढं बसतं तेवढंच दक्षिणेला जावं.

कारण वाऱ्याचं आहे. जानेवारीत या पट्ट्यात वाऱ्याचं वेळापत्रक बऱ्यापैकी ठरलेलं असतं. पहाटे जमिनीवरून मतलई येतो, ईशान्येकडून, साधारण ५ ते ८ नॉटचा (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल). साडेनऊ-दहापर्यंत तो पडतो आणि तास-दोन तास पाणी हलतही नाही. बारा-एकच्या सुमाराला खारा वारा धरतो. आधी पश्चिमेकडून येतो, मग वायव्येला वळतो आणि तीन ते पाचच्या दरम्यान १२ ते १५ नॉटपर्यंत चढतो. सूर्यास्तानंतर उतरत जातो. किनारा दक्षिणेकडे उतरताना किंचित पूर्वेला झुकलेला आहे, त्यामुळे जाताना हा वायव्येचा वारा पाठीवर असतो आणि होडी पळते. परतताना तोच वारा नाकासमोर. अशा वेळी शिडावर ४५ अंशांनी नागमोडी जावं लागतं, म्हणजे ४० मैलांचे ५६ होतात. लाट तोंडावर असल्याने २६ फुटी होडीचा वेग तीन-साडेतीन नॉटवर येतो. हिशेब सोळा तासांवर जातो आणि जानेवारीत उजेड मिळतो जेमतेम अकरा तास. इंजिनवर जायचं म्हटलं तरी लाटेत आपटत जाताना लहान आऊटबोर्डचा पंखा अधूनमधून हवेत उघडा पडतो, इंजिन किंचाळतं आणि पेट्रोल दीडपट जळतं.

म्हणून परतीचे मैल पहाटेच्या मतलईत आणि त्यामागच्या शांत वेळात कापायचे, दुपारी एकपर्यंत मुंबईच्या बंदरात शिरायचं. उजाडल्यावर पावणेसातला निघालात तर हाताशी सहा तास येतात. सरासरी साडेचार नॉट धरला तर २७ मैल. रेवदंडा गेटवेपासून सुमारे २५ मैल आहे, म्हणजे ते बसतं. तीन दिवसांत रेवदंड्यापर्यंतच जा. मुरूड-जंजिरा हवाच असेल तर चौथा दिवस काढा. त्याची आखणी पुढे दिली आहे.

आता तिथी. जोडून सुट्टी कधी आहे हे आपण आधी बघतो आणि भरतीचं वेळापत्रक मागाहून. ते उलट करायला हवं. कोळीवाड्यातला हिशेब सगळ्यांना ठाऊक असतो: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या आसपास. हा आडाखा झाला. आखणी सर्व्हे ऑफ इंडियाच्या भरतीच्या कोष्टकावरूनच करायची, पण महिन्यातला कुठला आठवडा निवडायचा हे ठरवायला आडाखा पुरतो.

उधाणाच्या दिवसांत, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास, भरती दुपारी बाराला, ओहोटी संध्याकाळी सहाला. म्हणजे तुम्ही रेवदंड्याच्या तोंडाशी पोचाल तेव्हा पाणी तळाला गेलेलं, समोर बार (खाडीच्या तोंडावरचा वाळूचा उंचवटा) उथळ, पाठीवर चढलेला वारा आणि अंधार पडायला आलेला. यापेक्षा वाईट वेळ नाही. अष्टमी ते दशमीच्या भांगाला, म्हणजे पाणी सर्वांत कमी चढतं-उतरतं तेव्हा, चित्र नेमकं उलटं होतं. सकाळी सहाला भरती पूर्ण, मग बारापर्यंतची ओहोटी तुम्हाला बंदरातून बाहेर काढते. दुपारी पाणी चढू लागतं आणि चढत्या पाण्यावर तुम्ही खाडीत शिरता. परतीच्या दिवशी उजाडताना पुन्हा भरती भरत आलेली, म्हणजे बारवर पाणीच पाणी. आकडेही सोयीचे असतात. अपोलो बंदराला सरासरी उधाणाची भरती ४.४२ मीटर आणि ओहोटी ०.७६, भांगाची भरती ३.३० आणि ओहोटी १.८६. उधाणाला पाणी साडेतीन मीटरहून जास्त चढतं-उतरतं, भांगाला दीड मीटरच. प्रवाहही त्याच प्रमाणात मंदावतो. पहिल्या सफरीसाठी अष्टमी धरा, शुक्ल असो की वद्य. शुक्ल अष्टमीला संध्याकाळी चंद्र डोक्यावर असतो, एवढा एक फायदा जास्तीचा.

एक सावधगिरी: मुंबईला दिवसातल्या दोन ओहोट्या सारख्या नसतात. एक ठीकठाक आणि दुसरी मीटरभर खाली, असंही होतं. रात्रीची ओहोटी कोष्टकात वेगळी वाचा, दुपारच्या आकड्यावर रात्र काढू नका.

तीन दिवसांचं वेळापत्रक असं. अष्टमीला पावणेसातला गेटवेसमोरून सुटायचं. सूर्योदय सव्वासातच्या आसपास असतो, पण बंदरात दिव्यांची कमतरता नाही आणि क्षितिज उजळलेलं असतं. गेटवे ते खांदेरी सुमारे १३ मैल. पावणेदहाला खांदेरीचं दीपगृह, ज्याला आता कान्होजी आंग्रे दीपगृह म्हणतात, डाव्या हाताला यावं. वारा पडला की इंजिन. साडेबाराला रेवदंड्याच्या तोंडासमोर. तेव्हा ओहोटी पूर्ण झालेली असते, त्यामुळे आत घुसायची घाई नाही. बाहेर आठ-दहा मीटर पाण्यात तासाभराचा नांगर टाकून जेवून घ्या. अडीच ते साडेतीनच्या दरम्यान आत शिरा, चारपर्यंत नांगर पक्का करा. सव्वासहाला सूर्य मावळतो. नांगर घसरला तर जागा बदलायला दोन तास उजेड राहतो.

दुसऱ्या दिवशी हलू नका. मांडव्याला मुक्काम करण्याचा मोह टाळा. मांडव्याची जेटी गजबजलेली, लाँच आणि रो-रो यांच्या लाटा दिवसभर, आणि बंधाऱ्याबाहेरचं पाणी वायव्येला सताड उघडं. दुपारचा खारा वारा तिथे होडीला थेट किनाऱ्याकडे ढकलतो आणि रात्री उशिरापर्यंत होडी डावी-उजवी लोळत राहते. अडचणीत आसरा म्हणून मांडवा लक्षात ठेवा, पहिल्या रात्रीची जागा म्हणून नको. त्याऐवजी रेवदंड्यालाच दोन रात्री काढल्या तर एकच तळ, एकच प्रवाह दोनदा बघायला मिळतो आणि दुसऱ्या रात्री सगळे नीट झोपतात. दिवसा कोर्लईचा किल्ला चढून या. वरून खाडीचं तोंड नकाशासारखं दिसतं. दुपारी ओहोटीच्या वेळी चढलात तर वाळूचे उंचवटे कुठे आहेत, पाणी कुठे गडद आहे, कुठे लाट फुटते हे सगळं समजतं. उद्या सकाळी त्याच तोंडातून बाहेर पडायचं आहे, तेव्हा फोटो काढून ठेवा.

तिसऱ्या दिवशी, दशमीला, भरती साडेसातच्या सुमाराला. पावणेसातला नांगर उचलायचा, चढत्या पाण्यावर बार ओलांडायचा. किनाऱ्यालगत ओहोटीचा प्रवाह दक्षिणेकडे वाहतो, म्हणजे सकाळभर थोडं पाणी तोंडावर येईल. भांगाला ते अर्ध्या नॉटच्या आसपास धरा. एक-दीडला पाणी फिरतं आणि बंदरात शिरताना पुन्हा तुमच्या बाजूने होतं.

वाटेतल्या धोक्यांपैकी मोठी जहाजं सगळ्यांना दिसतात, जाळी दिसत नाहीत. जहाजांबद्दल एवढंच: मुंबई पोर्ट आणि जेएनपीएच्या (न्हावा-शेवा बंदराच्या) जहाजवाटेत खोल बुडणारं जहाज तुमच्यासाठी वळूही शकत नाही आणि थांबूही शकत नाही. २० मीटरपेक्षा लहान होडीने आणि शिडाच्या होडीने त्यांच्या वाटेत अडथळा आणायचा नाही, हा आंतरराष्ट्रीय नियमच आहे. वाट काटकोनात, इंजिन चालू ठेवून, एका दमात ओलांडा. जानेवारीच्या सकाळी धुरकं असतं, नजर मैलभरावर येते. जहाजांच्या रडारवर होडी दिसावी म्हणून डोलकाठीवर रडार रिफ्लेक्टर बांधा आणि व्हीएचएफ रेडिओच्या १६ नंबरच्या चॅनेलवर कान ठेवा. बुचर बेट म्हणजे जवाहर द्वीपाचं तेल टर्मिनल, नौदलाची गोदी, तुर्भ्याच्या अणुकेंद्राचा किनारा या भागांत शिरायचंच नाही, नांगर टाकणं तर दूरच.

जाळ्यांचं मात्र सविस्तर सांगायला हवं. मुंबई आणि रायगडच्या किनाऱ्यावर डोल जाळी असतात. पिशवीसारखं लांब जाळं, तळात ठोकलेल्या खुंटांना बांधलेलं, तोंड प्रवाहाकडे. वर खूण म्हणजे प्लास्टिकचे ड्रम, थर्माकोलचे तुकडे, कधी बांबूला लावलेलं फडकं. प्रवाह जोरात असला की हे बोये पाण्याखाली ओढले जातात आणि नेमकं जास्त धोक्याच्या वेळी दिसेनासे होतात. पाणी फिरताना वर येतात. दोन बोयांच्या मधून कधीही जाऊ नका. पूर्ण रांगेच्या टोकाला वळसा घाला. प्रवाहाच्या वरच्या अंगाने जात असाल तर निदान २०० मीटर अंतर राखा, कारण तिथे इंजिन बंद पडलं तर प्रवाह तुम्हाला सरळ जाळ्यात घालतो.

पंख्यात दोर गुंतला तर आधी इंजिन बंद. गोंधळून रिव्हर्स मारला की दोर आणखी दोन वेढे आवळतो आणि पंख्यामागच्या सीलमध्ये घुसतो. इंजिन वर उचला, हाताने उलटे वेढे सोडवा. सुटत नसेल तर पंख्यावरचाच तुकडा कापा. बोयाचा किंवा खुंटाचा मुख्य दोर कापायचा नाही. तो कापला की कुणाचं तरी हजारो रुपयांचं जाळं वाहून जातं आणि पुढच्या होडीला त्या गावात कुणी मदतीला येत नाही. किल अडकली असेल तर शिडं उतरवा, ओढाताण थांबवा. पाणी फिरलं की पुष्कळदा होडी आपसूक सुटते. रात्री वाहत्या जाळ्यांच्या रांगा किलोमीटरच्या पुढे जातात, एका टोकाला होडीचा दिवा आणि दुसऱ्या टोकाला लुकलुकणारा लहान दिवा. म्हणून पहिल्या सफरीत रात्रीचा प्रवास ठेवलेलाच नाही.

खडकांपैकी दोन ठिकाणं चार्टवर, म्हणजे सागरी नकाशावर, लाल पेनने घेरा. खांदेरी, उंदेरी आणि थळचा किनारा यांच्यामधला भाग खडकाळ आहे; स्थानिक होड्या तिथून जातात म्हणून १.४ मीटरच्या किलने जाऊ नये. खांदेरीच्या पश्चिमेकडून, निदान मैलभर बाहेरून जा. दुसरं ठिकाण चौल कडू, अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यापासून दूर पाण्यात असलेला खडक. खांदेरीहून कोर्लईकडे सरळ रेघ ओढली आणि ती तपासली नाही तर धोका नेमका तिथे आहे. देहरादूनच्या, नौदलाच्या जलसर्वेक्षण कार्यालयाचा चार्ट घ्या. फोनवरच्या नकाशाला दुसरा आधार म्हणून ठेवा; त्यात झूम कमी असला की असे एकटे खडक गायब होतात.

रेवदंड्याच्या तोंडाशी, कुंडलिकेच्या बारवर, चार्टमधली खोली शब्दशः घेऊ नका. दर पावसाळ्यात वाळू सरकते. साळावकडे जाणाऱ्या बार्जसाठी (माल वाहणाऱ्या सपाट बोटींसाठी) वाट आणि बोये आहेत. त्यांच्या कडेने जा, पण बार्ज आली तर वाट मोकळी करायची तयारी ठेवा. आदल्या दिवशी रेवदंडा किंवा कोर्लईच्या एखाद्या तांडेलाला (मच्छीमार होडीच्या प्रमुखाला) फोन करून वाळू कुठल्या बाजूला आली आहे ते विचारलं तर फार उपयोग होतो. मच्छीमार होडीच्या मागोमाग मात्र जाऊ नका, तिचा तळ तुमच्या किलपेक्षा वर असतो.

बार धोकादायक होतो तो बाहेर पडणारं ओहोटीचं पाणी आणि समोरून येणारी वाऱ्याची लाट एकमेकांना भिडतात तेव्हा. लाट आखूड होते, उभी राहते आणि उथळावर फुटते. दुपारी तीन-चारला ओहोटी चालू असेल तर हेच होतं, आणि उधाणाची तिथी टाळायचं हे दुसरं कारण. कोष्टकातली ओहोटीची वेळ संपली तरी खाडी लगेच वाहायची थांबत नाही, अर्धा-पाऊण तास पाणी बाहेर येतच राहतं. तोंडाशी पांढऱ्या लाटांची अखंड रेघ दिसत असेल तर आत जाऊ नका, थांबा. पाणी चढलं की ती रेघ तुटते आणि वाट दिसू लागते. आत शिरताना मेनसेल (मुख्य शीड) उतरवलेलं, इंजिन चालू, नांगर सोडायला तयार, एक जण डेप्थसाउंडरवर (खोली दाखवणाऱ्या यंत्रावर) आकडे मोठ्याने वाचत. आणि आधी खात्री करा की तो आकडा पाण्याच्या पृष्ठभागापासून आहे की किलपासून. गेटवेलाच दोरीला वजन बांधून, मीटर-मीटरवर गाठी मारून एकदा पडताळा.

आता नांगर. मुक्कामाच्या रात्री बिघडतात त्या बहुतेक इथल्या चुकीच्या गणितामुळे.

समजा, उधाणाच्या दिवशी दुपारी भरतीच्या वेळी तुम्ही खाडीत आलात आणि साउंडरवर ५ मीटर दिसले. पुरेसं वाटतं. पण भरतीची उंची ४.४२ होती, म्हणजे चार्टच्या पातळीला (ज्या शून्यापासून भरतीची उंची मोजतात) तिथे जेमतेम ०.५८ मीटर पाणी आहे. संध्याकाळी सहाला ओहोटी ०.७६ वर गेली की एकूण १.३४ मीटर राहतं आणि तुमची किल १.४ ची. होडी चिखलात बसली. म्हणून आकडा आधी आत्ताच्या उंचीने कमी करायचा, मग रात्रीच्या सर्वांत खालच्या ओहोटीने वाढवायचा.

तुमच्या भांगाच्या दिवशी हेच गणित असं येईल. चार्टवर २.५ मीटर असलेली जागा घ्या. पावणेचारला पाण्याची उंची साधारण २.७५, म्हणजे साउंडरवर सव्वापाच मीटर. मध्यरात्रीच्या ओहोटीला ४.३६, किलखाली तीन मीटर शिल्लक. सर्वांत जास्त खोली ५.८० मीटर, त्यात पाण्यापासून होडीच्या तोंडाची १ मीटर उंची मिळवा: ६.८०. दोर आणि साखळी मिळून याच्या सातपट, म्हणजे ४८ मीटर. सरळ ५० सोडा. मधल्या वेळांची उंची काढायला बाराव्या हिश्शाचा नियम वापरा: सहा तासांत पाणी अनुक्रमे १, २, ३, ३, २, १ हिस्से चढतं किंवा उतरतं.

या होडीला १० किलोचा नांगर, १५ मीटर ८ मिलिमीटरची साखळी आणि त्यापुढे ५० मीटर १४ मिलिमीटरचा नायलॉन दोर ठेवा. शॅकलची (साखळी नांगराला जोडणाऱ्या कडीची) पिन स्टेनलेस तारेने बांधून टाका. फिरत्या पाण्यात ती स्वतःहून सैल होते. दोराचं मागचं टोक होडीला बांधलेलं आहे ना, हे दर वेळी डोळ्यांनी बघा. दुसरा नांगर, ७ किलोचा, हाताशी, खालच्या कप्प्यात सामानाखाली पुरलेला नको.

कोकणातल्या खाडीचा तळ मऊ चिखलाचा. त्यात नांगर उत्तम धरतो, पण त्याला आत बुडायला वेळ द्यावा लागतो. नांगर तळाला टेकवा, होडी प्रवाहाने मागे जाऊ द्या, ३० मीटर दोर गेला की हलकं आवळा. दहा मिनिटं थांबा. मग उरलेला दोर सोडून इंजिन रिव्हर्समध्ये आधी मंद, मग निम्म्या जोरात अर्धा मिनिट चालवा. दोरावर तळहात ठेवा: नांगर घसरत असेल तर थरथर जाणवते, धरला असेल तर दोर ताठ होऊन गप्प राहतो. लगेच जोरात रिव्हर्स मारला तर तो चिखलावरून खरवडत मागे येतो आणि लोक तळाला दोष देतात.

जागा निवडताना बार्जची वाट सोडा, साळावच्या पुलाच्या अलीकडेच राहा, आणि भोवती ६० मीटरचं वर्तुळ मोकळं हवं. कारण खाडीत दर सहा तासांनी प्रवाह उलटतो आणि होडी पूर्ण अर्धं वर्तुळ फिरून नांगराच्या दुसऱ्या बाजूला जाते. फोनवरचा नांगर-अलार्म लावताना सर्रास चूक होते: सगळा दोर सोडून झाल्यावर, होडी जिथे आहे तिथून वर्तुळ आखतात. मग पाणी फिरलं की अलार्म वाजतो, कुणीतरी वैतागून तो बंद करतं, आणि खरा नांगर घसरतो तेव्हा तो बंदच असतो. नांगर तळाला टेकला त्या क्षणी खूण करा आणि तिथून ६५ मीटर ठेवा. शिवाय किनाऱ्यावरच्या दोन वस्तू एका रेषेत धरून ठेवा, रात्री दिसतील अशा, दोन दिवे असतील तर उत्तम.

अष्टमीच्या रात्री पाणी फिरणार साधारण साडेसहाला आणि मग पाऊणच्या सुमाराला. बारा ते दोन एक जण जागा हवाच. बाकी रात्र तासातासाला बघितलं तरी चालेल. पाणी फिरताना आणखी एक त्रास होतो: वारा एकीकडून, प्रवाह दुसरीकडून, आणि सैल पडलेला दोर होडीखाली जाऊन किलला किंवा सुकाणूला वेढा घालतो. यावर साधा उपाय म्हणजे चार-पाच किलोचं शिसं मोठ्या शॅकलने दोरावर अडकवून दोरालगत आठ-दहा मीटर खाली सोडणं. दोर तळाकडे ओढलेला राहतो.

नांगरदिवा डोलकाठीच्या टोकावर असला तरी आणखी एक दिवा दोन-तीन मीटर उंचीवर पुढच्या तारेला टांगा. पहाटे बाहेर पडणाऱ्या मच्छीमार होडीतला माणूस पाण्याच्या रेषेवर बघत असतो, दहा मीटर वर नाही.

चौथा दिवस मिळाला तर राजपुरी. पहिला दिवस वरच्यासारखाच. दुसऱ्या दिवशी, नवमीला, रेवदंड्याहून सातच्या आसपास भरतीवर निघून १६-१७ मैल. वाटेत मुरूडसमोर समुद्रात पद्मदुर्ग आहे, त्याच्या भोवतीच्या खडकांना बाहेरून वळसा. मुरूडच्या उथळ, पश्चिमेला उघड्या उपसागरात मुक्काम नको. जंजिऱ्याच्या दक्षिणेकडून खाडीत शिरा. दिघी बंदराची मोठी जहाजं इथून जातात, त्यामुळे तोंडाशी खोली पुष्कळ आहे आणि भरतीची वाट बघावी लागत नाही. आत राजपुरी गावासमोर, जंजिऱ्याला जाणाऱ्या शिडाच्या होड्यांची आणि दिघी-आगरदांडा फेरीची वाट सोडून नांगर टाका. वायव्येचा आडोसा चांगला मिळतो. किल्ल्यावर स्वतःची होडी लावू नका. दरवाजापाशी पाण्याची उसळी असते, गावातल्या होडीने जा. तिसऱ्या दिवशी पावणेसातला निघालात तर पावणेअकरापर्यंत रेवदंडा. तेव्हा ओहोटी अर्ध्यावर असेल, पण वारा अजून धरलेला नसतो, म्हणून बार शांत असतो. अकराच्या पुढे उशीर झाला तर बाहेरच थांबा आणि साडेतीनच्या चढत्या पाण्यावर आत या. चौथ्या दिवशी भरती सव्वाआठला, सातला निघा.

पेट्रोल: १० हॉर्सपॉवरचं फोर-स्ट्रोक इंजिन मध्यम वेगाला ताशी सुमारे ३ लिटर घेतं. परत येताना सगळा वेळ इंजिन चालेल असं धरा, सहा तासांचे १८ लिटर. जाताना तीन-चार तास, बार आणि नांगराची कामं मिळून १५. त्यावर निम्मं राखीव, म्हणजे ५० लिटर. कॅन केबिनमध्ये ठेवायचे नाहीत. पेट्रोलची वाफ जड असते, तळाशी साचते. सोबत इंपेलर (इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या पंपाचं चक्र), दोन स्पार्क प्लग, पंख्याची पिन, जादा पंखा आणि धारदार सुरी. बंदरातून बाहेर पडेपर्यंत इंजिनच्या मागून पडणाऱ्या पाण्याच्या धारेवर लक्ष ठेवा. प्लास्टिकची पिशवी तोंडाला चिकटली की ती धार बारीक होते आणि पाच मिनिटांत इंजिन तापून बंद पडतं.

पिण्याचं पाणी माणशी दिवसाला ४ लिटर, वर २० राखीव. खाडीत डास खूप, मच्छरदाणीचं कापड घ्या. ज्याला होडी लागते त्याने गोळी आदल्या रात्री घ्यावी. उलटी सुरू झाल्यावर ती पोटात टिकत नाही.

जायचं की नाही, हे दोन दिवस आधीपासून ठरवत जा. हवामान खात्याचा मच्छीमारांसाठीचा इशारा आणि हैदराबादच्या इन्कॉईस या समुद्र-माहिती केंद्राचा लाटांचा अंदाज, दोन्ही बघा. लाट दीड मीटरच्या वर किंवा वारा २० नॉटच्या वर असेल तर रद्द. जानेवारीतला खास धोका म्हणजे उत्तरेचा वारा. मुंबईत अचानक कडाक्याची थंडी पडते, तेव्हा पुष्कळदा सकाळीही १५-२० नॉटचा उत्तर-ईशान्य वारा असतो आणि तो दहाला पडत नाही. वरची सगळी आखणी पहाटेच्या शांत पाण्यावर उभी आहे, त्यामुळे असा अंदाज परतीच्या दिवसासाठी असेल तर निघूच नका. आत असताना तो आला तर खाडीत एक दिवस जास्त काढा आणि ऑफिसला फोन करा. होडी रेवदंड्याला कुणाच्या तरी देखरेखीखाली ठेवून एसटीने मुंबईला येणं हाही चांगला पर्याय आहे. त्यासाठी आधीच एक ओळख काढून ठेवा.

कागदपत्रं: होडीची नोंदणी, विमा, चौघांच्या ओळखपत्रांच्या प्रती आणि नावांची यादी, प्लास्टिकच्या पिशवीत. २००८ नंतर किनाऱ्यावर चौकशी होते आणि २६ जानेवारीच्या आसपास ती आणखी कडक असते. नांगर टाकल्यावर स्थानिक पोलीस ठाण्याला फोन करून होडीचं नाव, रंग आणि मुक्कामाची जागा सांगितली की रात्री गस्तीची बोट येऊन उठवत नाही. लाइफ जॅकेट चार, अंगात, पेटीत नाही. हातातला व्हीएचएफ, दुसरी बॅटरी, लाल हँडफ्लेअर.

आणि मुंबईत मागे राहणाऱ्या एका माणसाकडे एक कागद द्या: होडीचं वर्णन, चौघांचे नंबर, रोजचा मार्ग, मुक्कामाच्या जागा, आणि रोज संध्याकाळी साडेपाचला फोन येईल ही वेळ. खाडीत काही कोपऱ्यांत रेंज जाते, म्हणून साडेसातपर्यंत सूट. तोवर फोन आला नाही तर त्याने आधी रेवदंड्याच्या ओळखीच्या माणसाला होडी दिसते का विचारायचं, आणि तिथूनही कळलं नाही तर वाट न बघता तटरक्षक दलाच्या १५५४ वर आणि सागरी पोलिसांच्या १०९३ वर तोच कागद वाचून दाखवायचा.